पहिली नळी मोठीची

पायलचं साक्षगंध झालं ते दोन हजार चोवीस साल. तिचा धाकटा भाऊ सुमेध जाऊन तेव्हा पंधरावं वर्ष चालू होतं, तिच्या वडलांची, सुगतची, पातूरहून अकोल्याला बदली होऊन सहा वर्षं झाली होती आणि वलगावच्या वावरात कधी नव्हे ती तूर चांगली पिकली होती. साखरपुड्याची तारीख धरली अठरा फेब्रुवारी, रविवार. सुगतचे थोरले भाऊ पंजाबराव आणि वहिनी मैनाबाई शुक्रवारीच बडनेऱ्याहून गाडीत बसले. घरात मोठं जोडपं तेच. त्यांच्या आधी कोणी सुपारीलाही हात लावायचा नाही, अशी खंडाऱ्यांकडची रीत.

अकोल्याच्या घरात पाय टाकला आणि मैनाबाईला आधी दिसले ते धाकट्या जावेचे हात. दीपमाला चहाचा ट्रे घेऊन आली, तर कपातला चहा बशीत आणि बशीतला ट्रेमध्ये. जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलेला तो हात. दीपमालाचा ‘क’ पाहून पोरं वहीत ‘क’ गिरवायची. आता त्या हाताला कप पेलवत नव्हता.

"काहून वं, बरं नाई काय?"

"बरी आहो बाई. झोप नाई होऊन राहिली."

"कवापासून?"

"गोळीचा डोस वाढवला तवापासून." दीपमालानं पदरानं ट्रे पुसला. "डॉक्टर मॅडम म्हणतात, हे वयच असं असते. पाळी जाऊन राहिली, अंगातून वाफा निघतात, कधी रडू येते, कधी राग येते. निवते म्हणे हळूहळू."

"निवून कुठी राहिलं? वाढून राहिलं."

"तुमी बी ना, बाई."

शनिवारी सकाळी मैनाबाईनं तिला न्हाणीच्या दारात भिंत धरून उभी पाहिली. तोंड पांढरं, गळ्यापाशी शीर उडत होती. दोन मिनिटं बोलू नका, अशी तिनं हातानं खूण केली. दोन मिनिटांनी पदर सावरून ती लाडवांचं पीठ भाजायला गेली. मैनाबाई मागं गेली आणि तिच्या हातातून सराटा काढून घेतला.

या गोळीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. दीड वर्ष झालं, दीपमालाचं मन ठिकाणावर नव्हतं. वर्गात शिकवता शिकवता रडू यायचं, घरी सुगतवर वसकन ओरडायची, मग तासभर भिंतीकडं तोंड करून पडायची. गोळ्या दोनदा बदलून झाल्या. पायल औषधांचं शिकलेली, अकोल्यातच एका दवाखान्याच्या मेडिकलवर बसायची. तिनं मनावर घेतलं. "मम्मी, एकच गोळी प्रत्येकाच्या अंगात वेगळी वागते. कोणाच्या अंगात लवकर जळते, कोणाच्या अंगात साचते. थुंकी तपासली का जनुकावरून कळते. किती गोळी द्यायची, काय खायचं, कायले जपायचं, सगळं." तपासणीच्या एका डब्यावर दुसरा सवलतीत होता, म्हणून दुसरा मोठीमायसाठी, म्हणजे मैनाबाईसाठी. दसऱ्याला वलगावला सगळे जमले तेव्हा दोघी जावांनी नळ्यांमध्ये थुंकून दिलं. डिसेंबरात निकाल आले. मैनाबाईसाठी पायलनं दोन्ही मुद्दाम मराठीत मागवले होते.

दीपमालाच्या निकालात दोन गोष्टी निघाल्या. मनाची गोळी तिच्या अंगात भराभर जळते, नेहमीचा डोस पुरायचा नाही, ही एक. आणि रक्तातली चरबी घराण्यातून आलेली आहे, हृदयाला जपा, ही दुसरी. तेव्हापासून सुगतच्या घरात तेल चमच्यानं मोजून पडू लागलं. डॉक्टर मॅडमनं गोळीचं पान पाहून डोस दुप्पट केला, जानेवारीत आणखी वाढवला. तब्येत जितकी बिघडली तितकी गोळी वाढली. आणि उतार नाही म्हणून याच रविवारपासून दुपारच्या जेवणावर आणखी एक द्यायची होती.

मैनाबाईच्या निकालात काळजीचं काही नाही, असं पायलनं फोनवर सांगितलं होतं. तो कागद पायलच्याच कपाटात राहिला.

रविवारी सकाळी नऊ वाजता दीपमालानं तिला हाक मारली.

"बाई, कपाटातली निळी फाईल काढून ठेवा. पायलचं कार्ड पायजेन. तानुबाई आल्या का पहिले कार्डच मागतीन."

तानुबाई म्हणजे मुलाची आजी, चांदूर रेल्वेची. खंडाऱ्यांच्या घरात पत्रिका कोणी पाहत नव्हतं. पाहायचं ते सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड. एका वाहकाला दुसरा वाहक द्यायचा नाही. सुगत वाहक, दीपमाला वाहक, पण सत्त्याण्णव साली हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. पायल वाहक निघाली आणि तिच्या पाठचा सुमेध पुरा आजारी निघाला. आठ वर्षांचा असताना, दोन हजार नऊच्या पोळ्याला, तो गेला. म्हणून आता कार्ड आधी, बाकी सगळं मागून.

फाईल उघडली. वर पायलचं पिवळं, म्हणजे वाहकाचं, कार्ड, त्याखाली दीपमालाचं पिवळं कार्ड, सुगतचं, आणि खाली ते दोन निकाल, चकचकीत कागदाचे. मैनाबाई पलंगावर बसली, चश्मा लावला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

तिला अक्षर आलं सेहेचाळिसाव्या वर्षी. सुमेध गेल्यावर दीपमाला शाळेची सुट्टी टाकून वलगावला येऊन राहिली होती. खात नव्हती, बोलत नव्हती. एक दिवस तिनं सुमेधची पाटी काढली, मैनाबाईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, बसा. सहा महिन्यांत मैनाबाई वाचायला लागली आणि दीपमाला जेवायला लागली. तेव्हापासून मैनाबाई काही वाचायची तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. बसचं तिकीट असो, बियाण्याची पिशवी असो. मधलं सोडून पुढं जायचं असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

दीपमालाचा निकाल ती वाचत गेली. चहा-कॉफी, दूध, झोप, गोळ्या, हृदय. सातव्या पानावर, लहान अक्षरात, रक्ताचे आजार होते. तिनं बोट थांबवलं.

‘सिकलसेल : आढळला नाही.’

ती ओळ तिनं तीनदा वाचली. मग पहिल्या पानावर जाऊन नाव वाचलं. दीपमाला सुगत खंडारे. शेजारी पिवळं कार्ड पडलं होतं, त्यावरही तेच नाव. मग तिनं दुसरा निकाल काढला. मैना पंजाबराव खंडारे. सातवं पान.

‘सिकलसेल : वाहक.’

वलगावच्या शिबिरात तिचं रक्त दोनदा तपासलेलं. दोन्ही वेळा काही निघालं नव्हतं. त्याच निकालात चौथ्या पानावर होतं, ‘मनाच्या आजारावरील खालील औषधे या व्यक्तीच्या शरीरात साचतात. कमी मात्रेने सुरुवात करावी.’

मैनाबाईनं दोन्ही पानं मांडीवर ठेवली. दसऱ्याचा दिवस तिच्यासमोर उभा राहिला.

वलगावच्या ओसरीवर पायलनं दोन डबे एकावर एक ठेवले होते. फोन त्यांच्यावर धरून दोघींची नावं चढवली आणि म्हणाली, वरचा मम्मीचा, खालचा मोठीमायचा. मग कोणाचा तरी फोन आला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली. दीपमालानं वरचा डबा उघडला, नळी काढली आणि दोन्ही हातांनी मैनाबाईपुढं धरली.

"पहिले तुमी, बाई."

"पोरगी म्हणे वरचा तुवाला."

"डबे सारखेच आहेत. मोठीच्या आंधी मी कशी थुंकीन?"

आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

त्या हसण्यालाही कारण होतं. दीपमाला नवी नवरी होऊन आली तेव्हा शाळेचे हेडमास्तर घरी आले होते. तिनं पहिला कप त्यांना दिला, दुसरा सासऱ्यांना, आणि मोठ्या जावेला सगळ्यात शेवटी. मैनाबाईनं तो कप मोरीत ओतला आणि दोन वर्षं धाकटीशी बोलली नाही. तेव्हापासून आजवर दीपमालानं कधी पहिला घास, पहिलं फूल, पहिला कप तिच्याआधी घेतला नाही. थुंकायची नळीसुद्धा.

मैनाबाईला ते बरं वाटलं होतं. हेच आता तिला गिळवत नव्हतं.

पंजाबराव अंगणात खुर्च्या मांडून घेत होते. आयुष्यभर एसटीची कंडक्टरी केली, त्यामुळं माणसं बसवायची कला त्यांच्या अंगातच होती.

"इकडं या जरा."

"काय झालं?"

"दीपमालाची गोळी मायावाल्या थुंकीवर चालू आहे."

"काय बोलून राहिली तू?"

तिनं सांगितलं. दोन्ही पानं दाखवली, कार्ड दाखवलं. पंजाबरावांनी चश्मा कपाळावर चढवला, उतरवला. समजलं त्यांना लगेच. त्यांचा चेहरा उतरला तेव्हाच तिला ते कळलं.

"आजच्या दिवस गम खाय," ते म्हणाले. "पोराच्या बापाचा, भगवंतरावचा, आत्ता फोन आलता. गाडी उशिरा आहे, पण मूर्तिजापूर सुटलं. उद्या सकाळी मी सोता जातो डॉक्टरकडे."

"अन् आजची गोळी?"

"एका गोळीनं काय होते?"

"तेच तर मले माहीत नाई. तुमाले माहीत आहे काय?"

ते खुर्च्यांकडं वळले. एक खुर्ची होती तिथून उचलली आणि परत तिथंच ठेवली.

सुगत फुलवाल्याशी बोलत होता. तिनं त्याला भिंतीआड घेतलं. त्यानं कागद हातातही घेतला नाही.

"वहिनी, हे कंपनीचं छापील असते. यातलं वाचणं वेगळं राहते. तुमी वाचता, मान्य आहे, पण..."

"तुया बायकोनं शिकवलं तेवढंच वाचलं, भाऊ. सिकलसेल एवढा शब्द तर या घरात मले कोणी वाचून दाखवाले नको."

 सुगतनं कागद घेतला. दोन्ही सातवी पानं वाचली.

"गोळी चालू आहे हे चांदूरवाल्यांले माहीत नाई," तो हळूच म्हणाला. "आज हे निघालं तर काय म्हणतीन? पोरीची माय वेडी आहे म्हणतीन. अन् पोरीतबी असीन, म्हणतीन. इतक्या दिवसांनं कार्ड जुळलेलं स्थळ आलं, वहिनी. तीन जागी वाहक निघाले. हे चौथं."

"मंग बायकोले कानात तरी सांग."

"सांगतो. चार वाजता अंगठी झाली का सांगतो."

"गोळी दोन वाजताची आहे."

तो परत फुलवाल्याकडं गेला. दोघं भाऊ एका बाजूला झाले होते, हे मैनाबाईच्या ध्यानात आलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्या दोघांचं सात वर्षं पटलं नव्हतं, ते आज न बोलता एक झाले.

ती आतल्या खोलीत गेली. पायलला शेजारच्या बाया साडी नेसवत होत्या. तिनं बायांना बाहेर काढलं.

"दसऱ्याच्या दिवशी वरचा डबा कोणाचा होता?"

"मम्मीचा. काहून?"

"वरच्या नळीत मी थुंकली."

पायलनं तिच्याकडं पाहिलं, मग फाईलकडं. सातवं पान तिनं स्वतःच उलटलं.  मग ती पलंगावर बसली आणि अर्ध्या खोचलेल्या निऱ्या सुटल्या.

"मोठीमाय, मी हे पान पाह्यलंच नाई. मी गोळीचं पान पाह्यलं अन् फोटो काढून मॅडमले पाठवला. मी औषधाची शिकलेली..."

"ते मंग बोलू. आता काय करायचं ते सांग."

"आज गोळी घेऊ देऊ नको. साचली असीन अंगात. हृदयाच्या ठोक्यावर जाते." तिनं फोन लावला. रविवार होता. फोन वाजून वाजून बंद पडला. तिनं परत लावला. बाहेर जय भीम, जय भीम असे आवाज आले. चांदूरचे लोक आले होते.

स्वयंपाकघराच्या दारात मैनाबाईनं दीपमालाला गाठलं. ती पाण्याचे ग्लास भरत होती. एका हातानं दुसरं मनगट धरून.

"आजची दुपारची गोळी नको घेऊ."

"नाई बाई, असं नका म्हणू." दीपमालाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "गोळी नाई घेतली तर मी सगळ्यांसमोर रडीन. मले माहीत आहे ना माया. आजचा दिवस मले उभं राहू द्या."

"अवं, ऐक तर. तुयी गोळी..."

"इहीनबाई कुठी आहेत?" बाहेरून तानुबाईंचा खणखणीत आवाज आला. दीपमालानं पदरानं डोळे टिपले आणि हसऱ्या तोंडानं बाहेर गेली.

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या. पहिली पंजाबरावांनी लावली, दुसरी मैनाबाईनं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग तानुबाईंनी सतरंजीवर पाय पसरले आणि हात पुढं केला.

"आना कार्ड."

दोन्हीकडची कार्डं मध्ये ठेवली गेली. मुलगा सम्यक बँकेत नोकरीला, अंगानं सडपातळ, बोलायला लाजरा. त्याच्या कार्डावर काही नव्हतं. पायलचं पिवळं. तानुबाईंनी दोन्ही कार्डं डोळ्याजवळ नेऊन पाहिली, परत दिली आणि म्हणाल्या, "झालं. माया एक नातू याच्यातच गेला. आता मी कोणाचं तोंड पाहून सोयरीक नाई करत."

दीपमाला मान खाली घालून बसली होती. तानुबाईंची नजर तिच्या हातांवर गेली.

"इहीनबाई, कापून काहून राहिल्या तुमी?"

"बीपी आहे थोडं."

"बीपीनं हात नाई कापत."

"पोरीचं साक्षगंध आहे आजी, मायचा जीव कापतेच," सुगत पलीकडून घाईनं बोलला. सगळे हसले. मैनाबाई हसली नाही.

गाडी उशिरा आल्यामुळं आधी जेवणं आणि मग अंगठी, असं ठरलं. अंगणात पंगती बसल्या, एकीकडं पुरुष, एकीकडं बाया. मैनाबाई मठ्ठ्याचा गंज, ते मोठं पातेलं, घेऊन वाढत होती. वाढायचं निमित्त. नजर दीपमालाच्या बटव्यावर होती. दीपमालानं चार घास खाल्ले. मग बटवा उघडला. पाकिटातून गोळी निघता निघेना, बोटं घसरत होती. शेवटी निघाली. तिनं ती तळहातावर घेतली आणि पाण्याचा ग्लास उचलला.

मैनाबाईनं गंज खाली ठेवला. चार पावलं होती. त्या चार पावलांत तिला पायलची सुटलेली साडी आठवली, तीन जागी परत गेलेली कार्डं आठवली, आणि भिंत धरून उभी असलेली दीपमाला आठवली. तिनं तिचं मनगट धरलं.

"ठेव ते."

"बाई, सगळे पाहून राहिले."

"पाहू दे. हे गोळी तुवाली नोहे. तुया नळीत मी थुंकली अन् मायावाल्या नळीत तू. सातव्या पानावर लिहून आहे. तुया अंगात हे साचून राहिलं, दीपमाला. दोन महिन्यांपासून साचून राहिलं."

पंगत थांबली. पुरुषांच्या बाजूनं सुगतचा आवाज आला, "वहिनी." 

"कायची गोळी?" तानुबाईंनी विचारलं.

 मैनाबाईनं तोंड उघडलं, पण दीपमालानं तिचा हात बाजूला केला. ती उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी.

"मनाची गोळी आहे, आजी. दीड वर्षापासून माझं मन बरं नाही. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. आम्ही सांगितलं नाही."

एवढं बोलून ती बसायला गेली आणि बसता बसता बाजूला कलंडली. तिचं डोकं तानुबाईंच्या मांडीवर आलं. ताट उलटलं, वरण सतरंजीवर पसरलं. "मम्मी," म्हणून पायल धावत आली. चौकातून ऑटो कोणी आणला ते मैनाबाईला नंतर कळलं. तो सम्यक होता, अर्ध्या जेवणावरून उठून पळाला होता.

ऑटोत बसताना तिला भगवंतरावांचा आवाज ऐकू आला. "दादा, हे आमाले आंधी कळाले पायजे होतं."

आणि पंजाबरावांचा. "चूक मायी आहे. मले सकाळीच कळलं. मीच बायकोले गप्प बसवलं."

दवाखान्यात दीपमालाच्या छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. तिथल्या डॉक्टरनं पट्टी पाहिली, परत एक काढायला सांगितली आणि नर्सला म्हणाला, यांना हलवू नका. मैनाबाईनं पायलच्या तोंडाकडं पाहिलं. पायल पट्टीवरच्या रेघा वाचू शकत होती आणि म्हणून भिंतीला टेकली होती.

बाहेरच्या बाकड्यावर दोघी बसल्या. पायलच्या अंगावर साक्षगंधाची साडी, पायात कोणाच्या तरी चपला. तीन वाजले. साडेतीन वाजले. घरून फोन नाही. सुगत येऊन उभा राहिला, त्यालाही घरचं काही सांगता येईना. तो निघाला तेव्हा चांदूरचे लोक निंबाखाली गोल करून बसले होते, एवढंच तो म्हणाला. मग तो खाली बसला, फरशीवर, मैनाबाईच्या पायाशी.

"वहिनी, मी तुमाले वाचता येत नाई म्हटलं."

"म्हटलं तर म्हटलं. पाणी पे."

चार वाजता डॉक्टर मॅडम आल्या. पायलच्या वाजून गेलेल्या फोनांवरून आल्या होत्या. दोन्ही निकाल त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले.  मग म्हणाल्या, "मी चौथंच पान पाहिलं होतं. गोळी आजपासून बंद. दोघींचे नवे नमुने पाठवू. आजची गोळी पोटात गेली नाही ना?"

"नाई," पायल म्हणाली.

"मग आजची रात्र इथं लक्ष ठेवू. ठोके सरळ येतील, असं वाटतं."

वाटतं, या शब्दाला मैनाबाई चिकटून बसली. त्याच्यापलीकडं मॅडमनं काही दिलं नव्हतं.

पाच वाजता जिन्यावर काठीचा आवाज आला. तानुबाई, मागं सम्यक, त्याच्या मागं भगवंतराव आणि पंजाबराव. तानुबाईंना दम लागला होता. त्यांनी बाकड्यावर जागा करून घेतली.

"कशी आहे?"

"जागी आहे. बोलते."

"भगवंताचं म्हणणं होतं, दोन महिने थांबून पाहू." त्यांनी लेकाकडं पाहिलंही नाही. "मी म्हटलं, कार्ड जुळले ना? मंग कायची वाट पाहतं? मी पन्नाशीत होती तवा दोन वर्षं विहिरीवर एकटी जाऊ देत नव्हते मले. तवा गोळी बी नव्हती अन् डॉक्टर बी नव्हता. ते बाई तुयीच माय होती, हे ध्यानात ठेव." हे शेवटचं भगवंतरावांना होतं. त्यांनी मान खाली घातली.

अंगठी तिथंच, खाटेजवळ झाली. नर्स म्हणाली, दोघांपेक्षा जास्त आत नको. तर ती दोघं आत गेली, बाकीचे दारात उभे राहिले. सम्यकनं पायलच्या बोटात अंगठी घातली तेव्हा खाटेवर दीपमाला रडत होती. पण ते तसलं रडणं नव्हतं. मैनाबाईला दोन्ही रडणी ओळखू येत होती.

सोमवारी सकाळी ठोके सरळ आले. मैनाबाई खाटेजवळ बसून तिला पेज पाजत होती. दीपमालाचे हात अजून कापत होते, पण चमचा धरायची त्यांची धडपड सुरू झाली होती.

"बाई," दीपमाला म्हणाली, "माझ्या नावाच्या निकालात शेवटी हृदयाचं पान होतं."

"होतं."

"म्हणजे ते माझं नाही. ते तुमचं आहे."

"माहीत आहे."

"कवापासून माहीत?"

"काल सकाळपासून. मी सगळंच वाचत असते, तुलेच तर माहीत आहे."

"मंग काल बोलल्या काहून नाई? मॅडम इथंच होत्या."

मैनाबाईनं पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेला.

"काल पहिला नंबर तुवाला होता," ती म्हणाली.

दीपमालानं त्याच दिवशी तिला मॅडमच्या ओळखीच्या हृदयाच्या डॉक्टरकडं पाठवलं. नवे निकाल मार्चमध्ये आले, तेव्हा सगळं ज्याचं त्याच्या नावावर गेलं. दीपमालाला अगदी कमी मात्रेची दुसरी गोळी बसली आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती फळ्यापुढं उभी होती. मैनाबाईला चरबीची गोळी लागली. तेल चमच्यानं मोजायचं काम आता वलगावला आलं. दीपमाला रोज सकाळी सात वाजता अकोल्याहून फोन करायची आणि मैनाबाईनं गोळी गिळून पाणी प्यायल्याचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवायची नाही. पायलचं लग्न त्या मे महिन्यात चांदूर रेल्वेला लागलं. अक्षता पहिल्या मैनाबाईनं टाकल्या.

मैना पंजाबराव खंडारे गुरुवार, अकरा सप्टेंबर दोन हजार पंचवीस रोजी सकाळी साडेनऊ वाजता वलगावच्या घरी, ओसरीवर, हृदयविकाराच्या झटक्यानं वारली. वय बासष्ट. त्या सकाळची गोळी तिनं घेतली होती.